गाठीखालचं हिरवं

स्नेहलतागंज, इंदूर
२८ मार्च २०२५

शैलजाकाकू, नमस्कार.

तुम्ही लेकीकडे नागपूरला नीट पोचल्या हे अमिताताईच्या फोनवरून कळलं. डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, चिठ्ठी टाक म्हणाल्या होत्या, तर टाकून राहिली. आठवी सोडल्यापासून किराण्याच्या यादीशिवाय मी काही लिहिलं नाही. हसू नका.

तुमचं जपानी लिंबू ठीक आहे. छतावर जिथे तुम्ही गमला ठेवला तिथेच आहे. मिरीएवढी फळं धरली आहेत. तुम्ही जाताना मोजली होती, मी मोजत नाही. मोजलं की गळतात.

खरं सांगू का काकू, मला त्या झाडाची भीती वाटते. बोटाएवढे काटे आहेत. निधी आत्ता मान धरायला लागली, उद्या रांगेल, परवा छताचा जिना चढेल. तुम्ही म्हणाल ही अजून मान धरते आणि हिला जिना दिसून राहिला. पण निधीच्या आधीचं तुम्हाला माहीत आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ग्रहण होतं आणि मी पोटात बाळ असताना भेंडी चिरून बसली. मग ते बाळ राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले संबंध नाही, तुम्ही पण म्हणाल्या. पण भेंडी तर मीच चिरली ना.

झाडाला पाणी रोज घालू का? धूप आत्ताच खूप आहे. तुम्ही सांगाल तसं करीन. खोली तुम्ही झाडाच्या भरवशावर दिली आहे, हे मी विसरत नाही.

तुमची निशी


नागपूर
७ एप्रिल २०२५

प्रिय निशे,

तुझं पत्र भिंग लावून मी स्वतः वाचलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढे बघू म्हणतात. अक्षर मोठं काढते आहे, म्हणजे मलाच दिसेल.

खोली झाडाच्या भरवशावर नाही दिली, तुझ्या भरवशावर दिली. आता नीट ऐक. रोज पाणी नको. मातीत बोट घाल, दोन पेरं कोरडं लागलं तरच घाल, आणि मग गमल्याच्या भोकातून खाली येईपर्यंत घाल. हे थंड मुलखातलं झाड आहे, त्याला आपला मे-जून सोसत नाही. माझी जुनी पातळ साडी घेऊन दुपारच्या बाजूला आडवी बांध.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. खोडावर, मातीपासून वीतभर वर, एक गाठ दिसते बघ. तिथे काकांनी कलम बांधलं होतं. गाठीच्या खाली जंबेरी, आपलं लोणच्याचं गावठी खट्टं लिंबू. मुळं त्याची. गाठीच्या वर युझू, म्हणजे तुझं जपानी लिंबू. आता गाठीच्या खालून जे काही फुटेल ते जंबेरीचं. ते कोवळं असतानाच अंगठ्याने खुडून टाकायचं. राहिलं, तर सगळं अन्नपाणी तेच ओढून घेतं आणि वरचं झाड उपाशी मरतं. ज्या पहाडी नर्सरीतून काकांनी ती काडी आणली ती नर्सरी आता उरली नाही. दुसरी काडी मिळायची नाही.

काकांनी कुठेतरी वाचलं होतं की जपानात वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी ही पिवळी फळं गरम पाण्यात सोडून आंघोळ करतात. दर डिसेंबरात मला म्हणायचे, "शैला, गीझर दुरुस्त करून ठेव. फळं आली तर पंचाईत नको." गीझर दुरुस्त झाला. फळं ते गेल्यावर धरली. मला डिसेंबरात घरी यायचं आहे, एवढंच.

पत्रात एक पान टाकत जा. मोबाईलवरचा फोटो मला हिरवा डाग दिसतो, आणि फोटोला वास नसतो.

शैलजाकाकू


स्नेहलतागंज
४ जून २०२५

काकू, नमस्कार.

पान टाकलं आहे. वरच्या फांदीचं आहे. कडा जळल्या आहेत, लू लागली. साडी बांधली, तर आई म्हणाल्या, झाडाला साडी नेसवली, आता ओटी पण भर. निधीला घामोळ्या आल्या होत्या, गेल्या. ती आता पलटी मारते आणि मग उलटी पडून रडते, की मला सरळ करा.

मिरीएवढी होती ती आता वाटाण्याएवढी झाली. काही गळली. गळलेली फेकत नाही मी, का ते विचारू नका.

गाठीच्या खाली दोन कोंब आले आहेत. लालसर, हात लावला तर लोण्यासारखे. मी खुडायला गेली तर आईंनी जिन्यातून बघितलं. म्हणाल्या, अगं बाई, अंगावर पिणारं मूल आहे तुझं, लेकुरवाळीने कोवळा फुटवा खुडू नये, मुलाला लागतं. मी म्हटलं हे खुडतील, तर म्हणाल्या, बापाने खुडलं तरी तेच, घर एकच आहे. काकू, तुम्ही असलं मानत नाही हे मला माहीत आहे. मी पण कदाचित मानत नाही. पण हात मागे येतो.

तुम्ही सांगाल तसं करीन.

निशी


नागपूर
१३ जून २०२५

प्रिय निशे,

पान मिळालं. कडा जळल्या तरी चुरगळल्यावर काय वास आला! अमिताला म्हटलं, बघ, हे माझं छत. उरलेलं पान पाकिटातच ठेवलं आहे.

फुटव्याचं मात्र तू डोक्यातून काढ. उषाबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, तुमच्या सुनेच्या दुधाचा आणि माझ्या जंबेरीचा काही नातेसंबंध नाही. थोडी आणखी शिकली असतीस तर असल्या गोष्टींना घाबरली नसतीस. खुड आणि मोकळी हो. पावसाळा लागला की ते वितीने वाढतील.

शैलजाकाकू


स्नेहलतागंज
२२ जुलै २०२५

काकू, नमस्कार.

हो, खुडले. काळजी नका करू.

झाड आता एकदम भारी झालं आहे. पाऊस लागला आणि असं फुटलं की विचारू नका. हातभर हातभर फांद्या, पोपटी पानं, चकाचक. समोरचे सुधाकर भिया गल्लीतून ओरडतात, "भाभी, काय खाऊ घालता हो ह्याला? आमच्या बायकोला पण सांगा, आमची तुळस वाळून राहिली." मी हसते.

पानांवर अळ्या आल्या होत्या, चिमणीने घाण केल्यासारख्या दिसतात. चिमट्याने काढल्या. दवा नाही मारली, निधी सगळं तोंडात घालते. ती पोटावर सरकायला लागली. छताचं दार मी दोरीने बांधून ठेवते. काट्यांची भीती अजून आहे. खालच्या नवीन फांद्यांना पण काटे आहेत.

फळं थोडी कमी झाली. पावसाने असेल.

ह्यांचं मेसचं काम वाढलं आहे, भंवरकुआंला कोचिंगच्या पोरांची नवीन बॅच आली, सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. त्यांचा मोबाईल मेसमध्ये वरणाच्या पातेल्यात पडला. दुरुस्तीला दिला आहे, तर फोन लागणार नाही. घरात दुसरा नाही. चिठ्ठीच टाका.

निशी


नागपूर
१ ऑगस्ट २०२५

प्रिय निशे,

तुझं पत्र वाचून मी दोन घास जास्त खाल्ले. हातभर फांद्या! काका असते तर जिन्यात खुर्ची टाकून बसले असते. मी तुला उगाच शाळेचं बोलले. झाड सांभाळायला शाळा लागत नाही, हे मला कळायला हवं होतं.

अमिताने डिसेंबरच्या तिकिटाचं बघायला घेतलं आहे. एखादं तरी फळ टिकलं म्हणजे झालं. मला एकच पुरे, बादलीत एकच मावतं.

या वेळी पान टाकायला विसरलीस. पुढच्या पत्रात टाक. चांगलं मोठं टाक.

शैलजाकाकू


स्नेहलतागंज
२१ ऑगस्ट २०२५

काकू, नमस्कार.

सगळ्यात मोठं पान टाकलं आहे. देठासकट तोडलं. पक्कं पान आहे, कोवळं नाही.

वरच्या बाजूला थोडी पानं पिवळी होऊन पडून राहिली आहेत. खालची बाजू छान आहे. तुम्ही आल्या की बघाल.

निधी रांगते. मी तिच्या मागे रांगते.

काकू, एखाद्या माणसाकडून एखादं काम झालं नाही, तर तुम्ही त्याच्यावर किती रागावता? असंच विचारलं.

निशी


नागपूर
२ सप्टेंबर २०२५

निशिगंधा,

पान मिळालं. डोळ्यांची गरजच पडली नाही. युझूच्या पानाला देठावर पंखासारखं दुसरं छोटं पान असतं. हातात घेतलं आणि अंगठा सरळ खाली घसरला. चुरगळलं तर लोणच्याच्या बरणीचा वास. हे माझ्या झाडाचं पान नाही. हे जंबेरीचं आहे.

म्हणजे तू खुडलं नाहीस. खुडलं म्हणून लिहिलंस, आणि मी इथे तिकिटं बघत बसले. त्या हातभर फांद्या म्हणजे माझं झाड मारणाऱ्या फांद्या, आणि तू मला त्यांचं कौतुक लिहून पाठवलंस!

एवढंसं काम होतं. अंगठ्याचं काम. माझ्या माणसाची एकच गोष्ट जिवंत उरली होती, ती मी तुझ्या हातात दिली होती.

हे पत्र मिळेल त्या दिवशी कात्री घे आणि गाठीखालचं एकूण एक काप. तेही जमणार नसेल तर मी येईपर्यंत दुसरी खोली बघा.

शैलजा


नागपूर
४ सप्टेंबर २०२५

निशे,

परवाचं पत्र टाकलं आणि अमिताला म्हटलं, जूनचं पत्र काढ. ते पुन्हा वाचलं. त्यात तू सगळं लिहिलं होतंस गं. हात मागे येतो, असं लिहिलं होतंस. मी त्यावर विनोद करून मोकळी झाले. ज्या पोरीला अजून भेंडी चिरल्याचं विसरता येत नाही, तिला मी म्हटलं खुड आणि मोकळी हो. त्यानंतर तू मला खरं कशी लिहिणार होतीस?

खोलीचं लिहिलं ते खोडून टाक. कोणी कुठे जात नाही.

आणि कापू नकोस. परवा रागात मी चुकीचं लिहिलं. आता खालच्या फांद्या हव्या आहेत. वरच्या फांदीला नखाने ओरखड. आत हिरवं दिसलं तर तिथला एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला फुगीर कोंब, काढून त्या जोमदार जंबेरीवर बांधता येतो. मग पुन्हा युझू होतं. काकांच्या ओळखीचे शंकरराव माळी कृष्णपुऱ्याला राहतात, त्यांना बोलाव, त्यांचा हात चांगला आहे. ते येईपर्यंत कशालाच हात लावू नको.

अमिताने फोन लावून पाहिला, तुझ्या श्रीहरीचा अजून बंदच आहे. म्हणून हे आजच स्पीडपोस्टने टाकते आहे.

काकू


स्नेहलतागंज
१४ सप्टेंबर २०२५

काकू,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पण आगे-मागे.

पहिलं अनंत चतुर्दशीला, गणपतीच्या झांक्यांच्या दिवशी दुपारी आलं. सगळी गल्ली झांक्या बघायला जायच्या गडबडीत होती. मी जिन्यात बसून वाचलं आणि पुन्हा वाचलं. तेव्हाच कापणार होती. पण दुसऱ्या दिवशी ग्रहण होतं. ग्रहणाला मी कात्री, सुरी, सुईपण कपाटात बंद करून ठेवली. म्हटलं ग्रहण सुटलं की पहिलं काम हेच.

सोमवारी सकाळी पितृपक्ष लागला म्हणून आई सासऱ्यांच्या पाण्यासाठी नदीवर गेल्या. मी निधीला जिन्याच्या वरच्या पायरीशी पाळण्याच्या दोरीने कमरेला बांधून बसवलं, खेळायला वाटी दिली आणि कापायला बसली. मला वाटलं होतं रक्तासारखं काही येईल. काही नाही आलं, फक्त लिंबाचा वास. काटे लागले. मध्येच निधी रडली, भूक लागली होती तिला, आणि माझा पान्हा सुटला. ब्लाऊज ओला झाला आणि हातात कात्री. मी थांबली नाही काकू. थांबली असती तर परत हात उचलला नसता. सगळं कापलं. गाठीखालचं एकूण एक.

दुपारी पोस्टमन आला. दुसरं पत्र घेऊन.

मी पळत वर गेली. कापलेल्या फांद्या तिथेच पडल्या होत्या, पानं अजून ताजी होती. मी त्या खोडाला लावून बघितल्या. वेडीसारखं. मग वरच्या फांदीला नखाने ओरखडलं. एकाच काडीत हिरवं होतं. बाकी सगळं भुसा.

संध्याकाळी निधीला ताप आला. आईंनी फांद्यांकडे बघितलं आणि निधीची दृष्ट काढली. डॉक्टरीण म्हणाली व्हायरल आहे, सगळ्या गल्लीत आहे. सुधाकर भियांच्या नातवाला पण होता. तिसऱ्या दिवशी उतरला. आता बरी आहे, खाऊन राहिली. मी अजून तिच्या कपाळाला हात लावून बघते.

शंकरराव आले होते. म्हणाले, डोळा आहे पण बांधू कशावर, जोमदार फुटवा तर ठेवलाच नाही. मग त्यांनी नर्सरीतून जंबेरीचं दुसरं छोटं रोप आणलं आणि त्यावर तो डोळा पट्टीने बांधला. म्हणाले, उशीर झाला आहे, बघू.

मी आधी ऐकलं असतं तरी झाड राहिलं असतं. आणि मागून ऐकलं नसतं तरी राहिलं असतं. मी दोन्ही वेळा उलटं केलं.

निशी


नागपूर
२५ सप्टेंबर २०२५

निशे,

उलटं तू नाही केलंस. एकदा मी ऐकलं नाही आणि एकदा मी थांबले नाही. दोन दिवस राग पोटात ठेवला असता तर एकच पत्र गेलं असतं. माझ्या इतक्या वर्षांच्या शाळेचा काय उपयोग झाला?

पोरीचा ताप उतरला हे वाचून मग पुढचं वाचलं. तिला बरी ठेव.

दुसऱ्या डोळ्याचं काही जमेल असं डॉक्टरांना वाटत नाही. अमिता मला एकटीला इंदूरला सोडणार नाही म्हणते. तिकिटाचं राहू दे असं मीच तिला म्हटलं. घर तुझ्याकडेच असू दे, जसं आहे तसं.

बांधलेल्या डोळ्याचं कळव. चांगलं नसलं तरी कळव. खरं लिही, मी रागावणार नाही.

काकू


स्नेहलतागंज
१२ डिसेंबर २०२५

काकू, नमस्कार.

खरं लिहिते. तो डोळा काळा पडला. शंकररावांनी पट्टी सोडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ठंडी लवकर पडली ह्या वेळी. वरची काडी पण वाळली. मी ती कापली नाही, तशीच उभी आहे. तुमची साडी सोडून धुवून घडी घातली.

ह्या पाकिटात एक फळ आहे. गळलेली मी फेकत नव्हती ना, घाबरून आट्याच्या डब्यामागे लपवत होती, की तुम्ही अचानक आल्या तर दिसायला नको. आता लपवून काय करू? सगळ्यात मोठं हेच होतं, सुकून सुपारीएवढं झालं आहे. पिवळं नाही झालं, काळं झालं. पण नखाने खरवडलं तर वास आहे. सगळ्यात लहान दिवस जवळ आला. तुम्ही म्हणाल्या होत्या बादलीत एकच पुरे.

निधी आता धरून उभी राहते. परवा दाराची दोरी सुटली आणि ही छतावर, गमल्याला धरून उभी. माझा जीव गेला. पण खाली आता काटाच नाही कुठे, सगळं मीच कापलेलं. तिला काही लागलं नाही, आणि मला त्याचंच रडू आलं.

आणखी एक विचारायचं आहे. गाठीच्या खाली, जिथे मी कापलं होतं, तिथे एक कोंब आला आहे. लालसर, लोण्यासारखा. शंकरराव म्हणतात, आता हे नुसतं खट्टं लिंबू होईल, तुमच्या कामाचं नाही, गमला रिकामा करून दुसरं काही लावा. आता मी कोणाचं ऐकत नाही, तुम्ही सांगाल तेच करीन. खुडू का ठेवू?

निशी


नागपूर
२३ डिसेंबर २०२५

प्रिय निशे,

फळ वेळेवर मिळालं. परवा अमिताने बादली भरून दिली, तिच्याकडे गीझर चांगला आहे. मी फळ खरवडून पाण्यात सोडलं. ते तरंगलं नाही, आधी तळाशी गेलं आणि मग कडेने हळूहळू वर आलं. मी तोंड पाण्याजवळ नेऊन बसले. वास आला, का मनाचा खेळ होता, मला सांगता येणार नाही. पाणी निवेपर्यंत बसले. अमिता बाहेरून विचारत होती, आई, झालं का?

काका असते तर म्हणाले असते, शैला, एवढ्या वर्षांनी आलं आणि सुपारी होऊन आलं. आणि हसले असते. मला हसता नाही आलं. पण आंघोळ केली.

कोंबाचं विचारलंस. जंबेरी तर जंबेरी. उषाबाई लोणचं घालतील, निधीला थोडी मोठी झाली की चाटव. मोठे काटे आले की तेवढे कात्रीने बोथट कर, जिन्याच्या बाजूचे आधी.

पण कोंब राहू दे. अंगावर पिणारं मूल आहे घरात, कोवळं खुडू नको.

काकू